पैसं देऊन दुष्काळ

अण्णांना फोनवर बेत सांगितला, तर पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग खाकरले आणि म्हणाले, "म्हंजी पैसं देऊन दुष्काळ बघाय निघालाय व्हय?"

"अण्णा, दुष्काळ नाही, वाळवंट आहे ते."

"त्येच की. मग हितं काय कमी हाय?" एवढं बोलून ते करडांच्या खोकल्याकडे वळले.

अण्णा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. माझं माहेर माण तालुक्यात, म्हसवडच्या बाजूला. जिल्हा सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही पडला तर. १९७२ साली मी सहा वर्षांची होते. आई-अण्णा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे आणि मला आठवते ती तिथे मिळणारी सुकडी. तळहातावर घेऊन चाटायची, मग टाळूला चिकटून बसायची. पाणी मागितलं की आई म्हणायची, "आधी गिळ, मग पी. उगा घोटाघोटानं नासू नको."

तेव्हा साठाव्या वर्षी, बँकेच्या पेन्शनीतून, चिलीतल्या अताकामाचं, जगातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एकीचं तिकीट काढायला बसलेल्या लेकीला बापाने हा प्रश्न विचारणं रास्तच होतं. गेले तीन महिने जेवणाच्या टेबलावर ब्राउन पेपर पसरून मी बेत आखतेय, आणि तो प्रश्न त्या कागदाखाली वळकटीसारखा फुगून वर येतोय.

लेक सिडनीला, नणंद लंडनला. दोघींकडे वेगवेगळं जाण्यापेक्षा पृथ्वीभोवतीच एक फेरी मारावी, ही कल्पना यजमानांची. विमान कंपन्यांचे जे मोठे गट आहेत ते असं एकच तिकीट देतात. त्याची शिस्त थोडीफार वारीसारखी आहे, एकदा निघालं की पुढेच जायचं. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे, एकच दिशा धरायची. अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्ही ओलांडायचे, वर्षाच्या आत घरी यायचं. आम्ही बघत होतो त्या वनवर्ल्ड गटात जास्तीत जास्त सोळा टप्पे मिळतात. एका गावी उतरून दुसऱ्या गावाहून उडालात, मधलं अंतर बसने काटलंत, तर तोही टप्पा सोळात धरतात. हे मला पहिल्यांदा अन्यायाचं वाटलं. आपण पायी जायचं आणि बैलगाडीचे पैसे त्यांनी लावायचे! पण कॅश काउंटरवर तीस वर्षं काढलेल्या बाईला नियम पाठ करायची सवय असते.

तर मुंबई, लंडन, माद्रिद, मग अटलांटिक ओलांडून ब्वेनोस आइरेस. पुढे सान्तियागोहून पॅसिफिक ओलांडून थेट सिडनी, तिथून सिंगापूरमार्गे घरी. सान्तियागो ते सिडनी या उड्डाणात वाररेषा लागते आणि कॅलेंडरातली एक तारीख नुसती गळून पडते. क्षयतिथी म्हटलं, आणि यजमानांना लगेच समजलं. ब्वेनोस आइरेस ते सान्तियागो मात्र कागदावर मोकळी जागा होती. यजमानांनी तिथे पेन्सिलीने लिहिलं होतं: "वाळवंट, ४ दिवस."

ते चार दिवस आता पंधरा झालेत.

त्या जागेत खरं तर तीन देश येतात. अर्जेंटिनाचा वायव्य कोपरा, चिलीचं अताकामा आणि बोलिव्हियाचं पठार. नकाशावर रेघा आहेत, जमिनीवर एकच कोरडा पट्टा आहे, अँडीज पर्वताला दोन्ही बाजूंनी लगडलेला. ट्रॅव्हल एजंटकडे गेलो तर त्याने आमची वयं विचारली आणि म्हणाला, "मॅडम, डेझर्टच बघायचंय ना? दुबई घ्या. डिनरसकट होतं." त्याचं चुकलं नाही. वाळवंट म्हटलं की वाळू, उंट, सूर्यास्त. त्याच्याकडे तसंच पोस्टर होतं.

आपल्या भाषेनेही त्याला साथच दिली आहे. वाळवंट हा शब्द आम्हा माणदेशींना पहिल्यांदा कळतो तो पंढरपुरात, चंद्रभागेचा. नदीकाठची वाळू, तिच्यावर तंबू, टाळ, फुगडी. आमची माणगंगासुद्धा पंढरपूरच्या खालच्या अंगाला भीमेलाच मिळते. म्हणजे मूळ शब्दात नदी आहे, माणसं आहेत, ओल आहे. तोच शब्द उचलून आपण सहाऱ्यालाही लावला आणि अताकामालाही. अताकामात वाळूचे डोंगर आहेत, पण त्याचा खरा ऐवज म्हणजे मीठ, दगड, जिप्सम आणि ज्वालामुखीची राख. त्यापेक्षा कच्छचा 'रण' बरा, त्यात निदान मिठाची चव आहे. मी ब्राउन पेपरवर वाळवंट खोडून रण लिहिलं. यजमान म्हणाले, लढाई कुणाशी आहे?

कोरडं म्हणजे किती कोरडं, ते सांगते. चिलीच्या उत्तर टोकाला आरिका नावाचं बंदर आहे. तिथला पावसाचा वार्षिक सरासरी आकडा एक मिलिमीटरही भरत नाही. ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८ अशी सलग चौदा वर्षांहून जास्त तिथे पाऊस पडल्याची नोंद नाही. समुद्र काठाशी आहे, आणि तोच कारण आहे. दक्षिणेकडून येणारा हम्बोल्टचा थंड प्रवाह किनाऱ्याची हवा गार ठेवतो, त्यामुळे ती वर चढत नाही, ढग बनले तरी धुक्यापलीकडे जात नाहीत. पूर्वेकडून ॲमेझॉनची ओल यावी तर मध्ये अँडीज उभा. दोन्ही दारं बंद. किनाऱ्यावरच्या त्या धुक्याला तिकडे कामान्चाका म्हणतात. जाळ्या उभारून लोक त्यातून पाणी गाळतात. नव्वदच्या दशकात चुंगुंगो नावाच्या एका मच्छीमार वस्तीला असं धुक्याचं पाणी नळाने मिळत होतं. हे मी अण्णांना सांगितलं नाही. पुढच्या फोनला "आपल्याकडं धुकं कुठाय" असं ऐकावं लागलं असतं.

आणि मग मला एक गोष्ट सापडली, जिच्यापाशी मी दोन आठवडे अडकून पडले. अताकामाची जमीन पाऊस पडत नाही म्हणून श्रीमंत होती. सोऱ्याचं मीठ, सोडियम नायट्रेट, पाण्यात सहज विरघळतं. वर्षाला चार सरी पडल्या असत्या तर ते कधीच वाहून गेलं असतं. हजारो वर्षं सर आली नाही, म्हणून ते साचून राहिलं. एकोणिसाव्या शतकात युरोपला खत हवं होतं, दारूगोळा हवा होता, आणि दोन्हीला हेच लागत होतं. तेव्हा या पट्ट्याचा एक भाग पेरूचा होता, एक बोलिव्हियाचा. १८७९ मध्ये लढाई जुंपली, चिली जिंकला, आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा कायमचा गेला. बोलिव्हियात अजून दरवर्षी २३ मार्चला समुद्राचा दिवस पाळतात. त्यांचं नौदलही आहे, ते तितिकाका तलावात आणि नद्यांत असतं. पुढे जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायची कृती निघाली आणि सोऱ्याचा बाजार बसला. इकिके शहराच्या मागे हम्बरस्टोन नावाची सोऱ्याची वसाहत आहे. १९६० मध्ये बंद पडली, २००५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा केली. थिएटर आहे, जहाजाच्या पत्र्याचा पोहण्याचा तलाव आहे, माणूस नाही. ते गाव मला बघायचंच होतं. पण आमच्या वाटेपासून ते जवळजवळ पाचशे किलोमीटर उत्तरेला, आणि दिवस आधीच फुगलेले. खोडलं. आजवर या कागदावर जेवढं खोडलंय त्यात हे एकच मनाला लागलेलं आहे.

पाऊस नाही म्हणून आमच्याकडची माणसं मुंबईला गिरणीत गेली, टेंभूर्णीपासून इचलकरंजीपर्यंत पांगली. पाऊस नाही म्हणून तिकडे माणसं येऊन राहिली. (त्या खाणमजुरांचं आयुष्य काही सुखाचं नव्हतं. त्यांना मजुरी कंपनीच्या टोकनांत मिळायची आणि ती टोकनं कंपनीच्याच दुकानात चालायची. खडी फोडणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.)

सोऱ्याच्या जागी आता लिथियम आहे. अताकामाच्या मिठागरात जमिनीखालचं खारं पाणी उपसून मोठमोठ्या तळ्यांत पसरतात आणि उन्हाने आटवतात. कोकणातली मिठागरं बघितलेल्या माणसाला पद्धत ओळखीची वाटेल. उरतं त्यातून बॅटऱ्यांचं लिथियम. तिथल्या लिकान आन्ताय लोकांची काळजी पाण्याची आहे, उपसा वाढला तर आमच्या झऱ्यांचं काय. ज्या फोनवर मी हे सगळं शोधत होते, त्याची बॅटरी तेव्हा बारा टक्के होती. मी चार्जरला लावला आणि पुढे वाचलं.

आता उंचीचा हिशेब. हा मुद्दा तरुण मुलं एका ओळीत उडवतात. आम्हाला तसं करून चालणार नव्हतं, कारण यजमानांना रक्तदाबाची गोळी आहे आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी चढाई कळसूबाई, १,६४६ मीटर. पठारावर ती उंची म्हणजे तळमजला. सान पेद्रो दे अताकामा हे चिलीतलं मुक्कामाचं गाव २,४०० मीटरवर. तिथून बोलिव्हियाची हद्द गाडीने तासाभराच्या आत, पण हद्दीवरची चौकी ४,४०० च्या वर. म्हणजे नाश्ता पचायच्या आत आणखी एक कळसूबाई, वर तिचा जवळजवळ चौथा हिस्सा. डॉक्टरांचा सर्वसाधारण नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. बोलिव्हियातल्या उयुनी या मिठाच्या मैदानाकडे नेणाऱ्या तीन दिवसांच्या जीपसहली पहिल्याच रात्री बहुतेक ४,२०० च्या आसपास झोपवतात. त्यांच्या पत्रकात लाल तळ्याचा फोटो असतो, फ्लेमिंगो असतात. या आकड्यावर नजर जायला मात्र चश्मा लागतो.

बोलिव्हियातून सुरुवात करावी, ला पाझला उतरून, असं एकाने सुचवलं. ला पाझचा विमानतळ चार हजार मीटरच्या वर आहे. जिना उतरायच्या आधीच सकाळच्या गोळीची परीक्षा. नको.

मग अर्जेंटिना, ज्याला मी पहिल्या आठवड्यात खर्च वाचवायला कापून टाकलं होतं, तोच उपयोगी पडला. साल्ता शहर बाराशे मीटरच्या आत. तिथून पुर्मामार्का, जिथे गावामागे सात रंगांची टेकडी आहे, २,३०० च्या आसपास. दोन रात्री तिथे. मग बसने मोठा घाट, सालिनास ग्रान्देसचं मीठ, चार हजारांच्या वरची जामा खिंड, आणि संध्याकाळी पुन्हा खाली सान पेद्रोत २,४०० वर झोप. दिवसा वर जायचं आणि रात्री खाली झोपायचं, शरीराला हे मानवतं. सान पेद्रोत चार रात्री, शेवटच्या पहाटे एल तातिओचे गरम पाण्याचे फवारे, ४,३०० मीटर. ते निभलं तर बोलिव्हिया. नाही निभलं तर सान पेद्रोतच राहायचं आणि जीपचे पैसे सोडून द्यायचे. हे वाक्य मी यजमानांकडून ब्राउन पेपरवर लिहून घेतलंय, खाली सहीसकट.

जामा खिंड थंडीत बर्फाने बंद होते. तिकडची थंडी म्हणजे जून ते ऑगस्ट. जानेवारी-फेब्रुवारीत पठारावर पाऊस येतो. तेव्हाच उयुनीच्या मिठावर बोटभर पाणी साठून तो सुप्रसिद्ध आरसा होतो, ज्यावर लोक आकाशात उभं राहिल्याचे फोटो काढतात. पण तेव्हाच रस्तेही वाहून जातात. मला आरसा नको होता. मला कोरडं मीठ हवं होतं, षटकोनी भेगांचं, क्षितिजापर्यंत. उयुनीचं क्षेत्रफळ साडेदहा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. सातारा जिल्ह्याचं १०,४८०. महाबळेश्वर, कास, कोयना, कऱ्हाड, दहिवडी, म्हसवड, सगळं पुसून सपाट करायचं आणि वर मीठ अंथरायचं. मी ही तुलना केली आणि मग बराच वेळ दुसरं काही केलं नाही.

व्हिसाचं थोडक्यात उरकते. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना चिली आणि अर्जेंटिनाचं काम बरंच हलकं होतं. आमच्याकडे तो होता. बोलिव्हियाचं वेगळं. खरा गुंता पिवळ्या तापाचा. बोलिव्हिया त्या यादीत आहे, चिली नाही. उयुनीच्या उंचीवर तो डास जगत नाही, पण नियम देशाला लागतो, उंचीला नाही. एकदा बोलिव्हियात रात्र काढली की पुढच्या देशांत सहा दिवसांच्या आत उतरणाऱ्याला लशीचं कार्ड विचारतात. ऑस्ट्रेलियाही विचारतो, आपला भारतही विचारतो. म्हणजे तीन दिवसांच्या मिठासाठी अख्ख्या फेरीच्या कागदपत्रांना शेपूट. आणि साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घ्यायची तर डॉक्टर विचार करतात, कारण क्वचित होणारा पण गंभीर त्रास त्या वयात थोडा जास्त संभवतो. आमच्या डॉक्टरांनी दोघांचे सगळे जुने रिपोर्ट मागवले, दोन दिवस ठेवून घेतले, मग होकार दिला. ठरलेल्या सरकारी केंद्रावर रांगेत आमच्या पुढे जहाजावर निघालेली वीस-बावीस वर्षांची पोरं होती. एकाने विचारलं, "काकू, कुठलं शिप?"

खाण्याचं मात्र थोडक्यात उरकता येणार नाही. चिलीची सीमा शेतीमालाच्या बाबतीत फार कडक आहे. फळं, बिया, मध, कच्चं काहीही, सगळं अर्जावर लिहून द्यायचं. लपवलं आणि सापडलं की दंड. मी पिशवीत घ्यायच्या गोष्टींची यादी केली: मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणीचं तिखट, कडक भाकरी. मेथीदाणे आणि हळिवावर पहिल्याच फटक्यात काट मारली. चटणी कुटलेली, भाजलेली, तेव्हा ती जाहीर करून न्यायची, आणि काढून घेतली तर निमूट द्यायची असं ठरवलं.

चटणीचं वाचताना कळलं की भुईमूग मूळचा तिकडचाच. दक्षिण बोलिव्हिया आणि त्याला लागून असलेला अर्जेंटिनाचा वायव्य भाग, म्हणजे नेमका आमच्या जीपच्या वाटेचा शेजार. तिथून तो जगभर गेला आणि फिरत फिरत माणदेशात आला. मिरचीही त्याच खंडातली. बटाटाही. बोलिव्हियात शेंगदाण्याचं सार करतात, 'सोपा दे मानी', आणि त्यात बटाटा घालतात. मी खलबत्त्यात चटणी कुटत होते. शेंगदाणे तिकडचे, मिरची तिकडची, मीठ तर तिथे जिल्हाभर. आमचं म्हणावं असं एकटं लसूण उरलं, आणि त्याचंही मूळ आपल्याकडचं नाही. बत्ता हातात धरून मी हसत सुटले. यजमान आतून विचारत होते, काय झालं. आमच्याकडे उपासाला चालणारी बरीचशी मंडळी परदेशी आहेत हे मला माहीत होतं, पण आपण त्यांना डब्यात भरून माहेरी पोचवायला निघालोय हे त्या दिवशी लक्षात आलं.

मग चंद्र. अताकामात लोक ताऱ्यांसाठी जातात. सान पेद्रोच्या वर, पाच हजार मीटरवरच्या चाख्नान्तोर पठारावर आल्मा दुर्बिणीच्या ६६ तबकड्या आहेत. आपल्या खोडदला, नारायणगावजवळ, ४५ मीटरच्या तीस तबकड्या आहेत, त्या मीटरभर लांबीच्या लहरी ऐकतात. त्यांना पावसाळी हवेचं फारसं काही वाटत नाही. आल्मा मिलिमीटरच्या आणि त्याहून आखूड लहरी टिपते. त्या लहरी हवेतली वाफ गिळून टाकते, म्हणून तिला इतकं उंच आणि इतकं कोरडं जावं लागलं. दोन्हीकडे ओढ एकच, आकाशाची. एकीला पाऊस चालतो, दुसरीला घाम चालत नाही.

साध्या डोळ्यांनी बघणाऱ्यालाही अंधार हवा. पौर्णिमेच्या मागेपुढे तिथल्या आकाशदर्शनाच्या सहली बंदच ठेवतात. मी कालनिर्णय काढलं. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळं पुढे सरकलंय, त्यामुळे १० ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या. त्याभोवती पेन्सिलीने गोल केला. ऑक्टोबरात खिंड उघडी, पाऊस नाही, रात्री शून्याखाली पण सोसवेल अशा. एकच खोट. आमच्या गच्चीवरून एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला जेमतेम वर डोकावणारा त्रिशंकू तिथे चांगला वर चढतो, पण तोही त्याच दिवसांत. ऑक्टोबरच्या संध्याकाळी तो तिथेसुद्धा क्षितिजाला टेकलेला असतो आणि लवकरच बुडतो. त्याच्यामागोमाग मित्र आणि मित्रक हे दोन तारेही बुडतात. अँडीजमधले जुने लोक आकाशगंगेतल्या काळ्या डागांत लामा बघायचे आणि हे दोन तारे तिचे डोळे. म्हणजे मला लवकरच आंधळी होणारी लामा मिळणार. बदल्यात मॅजेलनचे दोन ढग, रात्र चढल्यावर अगस्त्य, आणि उशिरा उगवणारा मृग, पालथा. ध्रुवतारा तिथून दिसतच नाही.

अण्णांना हे आवडेल असं वाटलं. घड्याळ नव्हतं तेव्हा मोटेवर जायची वेळ ते तिकांडं बघून ठरवायचे. मी सांगितलं, तिकडे तिकांडं उलटं दिसतं.

"उलटं म्हंजी?"

"म्हणजे मृग डोकं खाली, पाय वर."

"मग पाऊस कसा पडंल?" अण्णा म्हणाले. मस्करी करत होते की नाही ते आवाजावरून कळेना. मग स्वतःच म्हणाले, "सर्वपित्रीला घराभाईर? तुझी आय वाट बघंल."

आई जाऊन नऊ वर्षं झाली. मी काही बोलले नाही. फोन ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, "ततं पाणी कुठनं येतं?"

तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी त्या जागेबद्दल काही विचारलं होतं. मला उत्तर अर्धवट येत होतं. डोंगरावरच्या बर्फाचं आणि उन्हाळी पावसाचं पाणी नदीने खाली येतं, एवढंच. नीट वाचून दोन दिवसांनी पुन्हा फोन केला. सांगितलं की सान पेद्रोच्या ओॲसिसमध्ये जुन्या वाड्या आहेत, त्यांना आय्यू म्हणतात, जसे आपल्याकडे भावकीचे मळे. नदीचं पाणी पाटाने त्यांच्यात फिरतं. मका, लसूणघास, चिंचेसारख्या शेंगांची झाडं, सगळं त्या पाटावर. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली.

"पाळी?" अण्णांचा आवाज बदलला. "घटका मोजूनच देत असत्याल."

"तसंच काहीतरी. आणि सान पेद्रोच्या दक्षिणेला सोकाइरे नावाचं गाव आहे. तिथे वर्षातून एकदा सगळा गाव मिळून पाट साफ करतो. गाणं म्हणतात, नाचतात. त्यांची कुन्सा भाषा आता घराघरांत कुणी बोलत नाही, पण पाटाचं गाणं अजून त्याच भाषेत आहे. पाण्याला हाक मारतात."

"घरटी एक माणूस?"

"सगळेच येतात म्हणे."

"न आला त्येला पाणी न्हाई," अण्णा म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. त्यांच्या डोळ्यांसमोर आमच्या मळ्याची विहीर असणार. गाळ काढायच्या दिवशी चुलतभाऊ पंढरपूरला निघून गेला होता, त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. मग विचारलं, "कवा करत्यात ते?"

"ऑक्टोबरच्या शेवटाला."

"मग तवा जा की. अमुशाला काय करायचंय? नुसतं काळं बघायचं."

मी म्हटलं, तो त्यांच्या घरचा कार्यक्रम आहे, आपण कॅमेरे घेऊन कसं घुसायचं. ते म्हणाले, "घुसू नको. लांबनं बघ. पाणी आलं का न्हाई तेवढं बघून ये."

रात्री कालनिर्णयाचं पान पुन्हा उघडलं. २५ ऑक्टोबर, कोजागरी. म्हणजे पाटाच्या दिवसांत गेलो तर आकाशदर्शनाच्या सहली बंद, तारे धुवून गेलेले, आणि उयुनीला पोचू तेव्हा जिल्हाभर मिठावर चांदणं. सान्तियागोचं विमान बदलावं लागेल. बदलायचे पैसे पडतील, हॉटेलं वेगळी. यजमान चश्मा कपाळावर सरकवून बघत होते. म्हणाले, "आणि दुर्बिणीसाठी मी घेतलेली ती खुर्ची?"

१० तारखेभोवतीचा गोल मी अजून खोडलेला नाही. २५ वर दुसरा काढलाय. खाली, समासात, अण्णांनी पुढच्या फोनला विचारलेला प्रश्न लिहून ठेवलाय, विसरू नये म्हणून: पाट दगडी की मातीचा?